'तो'चा 'मी' होताना

ब्रेकअपनंतर मी तीन आठवडे एकच मेसेज लिहीत होतो. पाठवला नाही. फोनमध्ये त्याचे अकरा मसुदे अजून पडून आहेत. त्याच दिवसांत बॉब डिलनचा 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' ऐकत होतो.

सप्टेंबर १९७४. सारासोबतचा संसार विस्कटत असताना डिलनने न्यूयॉर्कमध्ये हा अल्बम रेकॉर्ड केला. कव्हरही छापून झालं. मग डिसेंबरमध्ये, भावाचं ऐकून, मिनिआपोलिसच्या स्थानिक वादकांसोबत त्याने दहापैकी पाच गाणी पुन्हा केली. जानेवारी १९७५ मध्ये अल्बम आला, तेव्हा कव्हरवर त्या वादकांची नावंच नव्हती. रिलीजच्या तोंडावर अर्धा कोड नव्याने लिहिणं आमच्याकडे वेडेपणा ठरतो.

पण बदललं काय? 'टँगल्ड अप इन ब्लू' न्यूयॉर्कमध्ये 'तो'पासून सुरू होतं, मिनिआपोलिसमध्ये 'मी'पासून. गाणी माझ्याबद्दल नाहीत, असं सांगत आलेल्या माणसाने शेवटच्या क्षणी हा बदल करावा, हे मला महत्त्वाचं वाटतं.

'इडियट विंड'चंही तसंच. २०१८ च्या 'मोअर ब्लड, मोअर ट्रॅक्स' या संचात न्यूयॉर्कचे टेक ऐकता येतात. तिथे हे गाणं संथ आहे, थकलेलं आहे. अल्बमवर मात्र ऑर्गन चढत जातो आणि डिलन जवळजवळ ओरडतो. अनेक चाहत्यांना जुना टेकच आवडतो. मला नाही. त्यातलं दुःख इस्त्री करून आणल्यासारखं वाटतं. अल्बमवरचा राग अन्यायकारक आहे, तिला बाजू मांडायची संधीच देत नाही. पण ब्रेकअपनंतर आपण असेच वागतो. शेवटी दोष एकट्या तिचा न राहता दोघांचा होतो. आधी तो इतका ओरडला नसता, तर ही कबुली फुकटची वाटली असती.

अल्बम निर्दोष नाही. 'लिली, रोझमेरी अँड द जॅक ऑफ हार्ट्स' ही जवळपास नऊ मिनिटांची गोष्ट मी दर वेळी स्किप करतो.

आणि दुःख इथे संपतही नाही. १९८४ च्या 'रिअल लाइव्ह'मध्ये 'टँगल्ड अप इन ब्लू'चे बरेच शब्द बदललेत, 'मी'चा पुन्हा 'तो' झालाय. दहा वर्षं झाली तरी एडिटिंग चालूच.

माझे अकराही मसुदे 'तू'पासून सुरू होतात. परवा बारावा लिहिला, 'मी'पासून. पाठवणार तोही नाही.