सोयीचें शस्त्र आणि खरें शस्त्र

इजर्टन कॅसल या इंग्रज ग्रंथकारानें १८८५ सालीं युरोपांतील असिविद्येचा इतिहास लिहिला. मध्ययुगांतील योद्धे अंगबळावर घाव घालीत; खरी कला मागाहून आली व तिचें शिखर आपल्या काळीं गांठलें गेलें, असा त्याच्या विवेचनाचा एकंदर रोख होता. हें मत पुढें टिकलें नाहीं. त्याचाच सहकारी कॅप्टन आल्फ्रेड हटन यानें १८९२ सालीं 'ओल्ड सोर्ड-प्ले' हें पुस्तक प्रसिद्ध करून जुन्या गुरूंचे डाव प्रत्यक्ष करून पाहण्याची वाट दाखविली. १९९० नंतर तर जुन्या पोथ्यांवरून ही विद्या पुन्हां उभी करणारीं मंडळें युरोप-अमेरिकेंत जागोजाग निघालीं. आतां त्यांचे सामनेही भरतात. आणि सामने आले कीं जिंकण्याची ईर्ष्या ओघानेंच आली. तिच्यांतून निघालेला प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकासही विचार करावयास लावणारा आहे. खेळाडूनें जुन्या काळाचें शस्त्र हातीं धरावें, कीं ज्यानें जय सुकर होईल तें?

आमचें मत पहिल्या पक्षाकडे आहे, आणि तें जुन्याच्या अंध अभिमानानें नव्हे. इंग्लंडांतील लीड्स येथील शस्त्रसंग्रहालयांत चवदाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमाराची एक सचित्र पोथी आहे. तींत एक धर्मगुरु आपल्या शिष्यास तरवार व मुठींत धरावयाची लहानशी ढाल यांचे डाव शिकवितो. शेवटच्या पानांवर वाल्पुर्गिस नांवाची एक स्त्रीही लढतांना दिसते. या चित्रांत ढाल वारंवार तरवारीच्या हाताची पाठराखण करीत असते. असें कां? कारण तो हात उघडा आहे. त्यावर घाव पडला तर सर्वच संपलें. आजचा खेळाडू जाड हातमोजे घालतो, तें योग्यच आहे. खेळापायीं बोटें मोडून घ्यावीं असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु तोच जेव्हां नियमांत बसेल तेवढी मोठी ढाल निवडतो व हात उघडा टाकून बेधडक पुढें घुसतो, तेव्हां तो जिंकतो खरा, पण ती पोथी त्याच्यापुरती निरर्थक होते. गुरूची ती सावध ठेवण त्यास भाबडी वाटूं लागते. कॅसलनें केलेली चूक हीच: आपल्या हातांतील साधनानें पूर्वजांच्या बुद्धीचें माप घेणें.

जपानांत हें एकदां घडून गेलें आहे. तेथें तालमीसाठीं बांबूची तरवार, म्हणजे शिनाई, वापरतात. १८३० नंतरच्या दशकांत यानागावा संस्थानचा ओइशी सुसुमु हा उंचापुरा वीर पांच शाकूंहून लांब, म्हणजे सुमारें दीड मीटरची, शिनाई घेऊन एदो शहरीं आला व त्यानें नामांकित गुरूंना जेरीस आणलें. नेहमींच्या खऱ्या तरवारीचें पातें असे सुमारें सत्तर सेंटिमीटरांचें. त्याच्या मागोमाग इतरांच्याही शिनाई लांबत गेल्या. शेवटीं १८५६ सालीं स्थापन झालेल्या शोगुनच्या युद्धशाळेनें तीन शाकू आठ सून, म्हणजे सुमारें ११५ सेंटिमीटर, ही मर्यादा घालून दिली. ओइशीनें कोणताही नियम मोडला नव्हता, हें ध्यानांत ठेवावें. परंतु त्या लांबीची तरवार कमरेस लावून कोणी घराबाहेर पडत नसे. मग त्या तालमीनें तयारी व्हावयाची ती कशाची?

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें कार्य पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं हातीं घेतलें व तें १९६६ सालीं पुरें झालें. पाठनिर्णयाच्या शास्त्रांत असा संकेत आहे कीं, दोन पाठांपैकीं अवघड असेल तो बहुधा जुना. कारण लेखक अवघडाचें सोपें करतो, सोप्याचें अवघड सहसा करीत नाहीं. सोयीचें शस्त्र उचलणारा खेळाडू हा असाच लेखक होय. जेथें अडलें तेथें त्यानें पाठ बदलला, आणि अडण्यांतच अर्थ होता.

यावर प्रतिपक्ष म्हणेल कीं, जुना योद्धा तरी आपला फायदाच पाहत होता; लांब शस्त्र मिळतें तर त्यानें सोडलें असतें काय? आक्षेप वजनदार आहे. परंतु त्या योद्ध्यास फायद्याची किंमत मोजावी लागे. लांब तरवार दिवसभर वागवावी लागे, ती म्यानांतून वेळेवर निघावी लागे, आणि समोरचें पातें धारदार असे. रिंगणांत ही किंमत माफ होते व फायदा तेवढा उरतो. दुसरा आक्षेप असा कीं, सोळाव्या शतकांतील जर्मन आखाड्यांतही खेळासाठीं निराळी, बोथट व लवचिक तरवार होतीच. स्ट्रासबुर्ग येथें १५७० सालीं प्रसिद्ध झालेला योआखिम मायर याचा ग्रंथ त्या आखाड्यांचाच आहे. हें आम्हांस मान्य आहे. खरें शस्त्र म्हणजे प्राणघातक शस्त्र नव्हे. धार काढली, मुखवटा चढविला, तरी बिघडत नाहीं. मूळ शस्त्रानें लढणाऱ्यापुढें जी अडचण टाकली ती मात्र कायम राहिली पाहिजे.

म्हणून हा भार एकट्या खेळाडूच्या सदसद्विवेकावर टाकणें न्याय्य नाहीं. संग्रहालयांत उरलेलीं शस्त्रें मोजून त्यांवरून लांबी, वजन व ढालीचा घेर ठरविणें हें सामने भरविणारांचें काम आहे. तें होईपर्यंत, लहान ढाल घेऊन हरणाऱ्या खेळाडूचे पोथीच्या वाचकानें आभारच मानावे. त्याच्या पराभवांतून पोथींतील एखाद्या चित्राचा अर्थ उलगडण्याचा संभव आहे.