धूळपेरणीचा ताण

अलीकडच्या आपत्तीपटांना आणि ओटीटीवरच्या मालिकांना एक खोड जडली आहे. पहिल्याच मिनिटाला पाणी उसळतं, इमारत ढासळते, कुणाचा तरी हात सुटतो. मग पडदा काळा होतो आणि ‘तीन दिवस आधी’ अशी पाटी येते. याला ताण म्हणतात, याचाच मला राग आहे. पुढे काय होणार हे आधी कळण्यात गैर काहीच नाही. ‘वक्त’मध्ये (1965) ज्योतिषाचा इशारा ऐकताच लाला केदारनाथच्या गर्वाचं काय होणार ते कुणालाही कळतं. पण भूकंप येईतो आपण त्या घरात, त्याच्या तीन मुलांत, बायकोला उद्देशून गायलेल्या गाण्यात रमलेले असतो, म्हणून हादरते ती ओळखीची जमीन. ‘तुम मिले’ आणि ‘केदारनाथ’ यांनी पुराला प्रेमकथेच्या गाड्याला जुंपलं. त्यांच्याबद्दल एवढं पुरे.

ताणाची खरी कमाई दुष्काळाच्या सिनेमाने केली आहे. सत्यजित राय यांच्या ‘अशनि संकेत’च्या (1973) आरंभी सगळं हिरवंगार आहे. अनंगा पाण्यात उतरली आहे, डोक्यावरून युद्धाची विमानं जातात आणि तिला ती पाखरांच्या थव्यासारखी देखणी वाटतात. 1943चा बंगालचा दुष्काळ त्या चौकटीत येऊन ठेपलेला आहे. गावाला तेवढा त्याचा पत्ता नाही. सतीश मनवर यांनी ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (2009) याच्या पुढचं पाऊल टाकलं. विदर्भातल्या गावात एक शेतकरी जीव देतो, अलकाच्या मनात पाल चुकचुकते आणि ती पोराला बापावर नजर ठेवायला लावते. संपला आरंभ. इथून पुढे तिचा नवरा किसना शेतात जरा जास्त वेळ थांबला, घरात गप्प बसला, तरी आपला जीव टांगणीला लागतो. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी रोजचीच कामं करत असतात, आणि त्या रोजच्या कामांचीच धास्ती वाटू लागते. आदिनाथ कोठारे यांच्या ‘पाणी’ची ओढ संकटापेक्षा उपायाकडे अधिक, नांदेडच्या नागदरवाडीच्या गोष्टीला ते शोभतंही, पण या वाटेने तो जात नाही.

यावर कुणी म्हणेल, दुष्काळ म्हणजे आपत्तीपट नव्हे. आपत्ती क्षणात कोसळावी लागते. मग जिंतूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावातली धूळपेरणी पाहा. कोरड्या मातीत सरकी टोबायची आणि आभाळाकडे बघायचं. बियाणं उधारीचं. पाऊस आलाच नाही तर बी निदान मातीत पडून राहील. अर्धामुर्धा आला तर ते फुगेल, कोंब वर येईल आणि जळेल, मग दुबार पेरणी, दुसरी उधारी. एवढी नेमकी उलटी मोजणी कोणत्या पटकथेत आहे? याच मराठवाड्यात एप्रिल 2016मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि सप्टेंबर 2025मध्ये उभी पिकं पुराखाली गेली. इथल्या प्रेक्षकाला आपत्ती शिकवायला लाटेची गरज नाही.

प्रेक्षकाला आता धीर उरलेला नाही, हा दुसरा आक्षेप तर मला मुळीच मान्य नाही. ‘जॉज’च्या (1975) पहिल्या प्रसंगात शार्क दिसत नाही, तरी कुणी उठून गेलं नाही. धीर सुटतो तो दिग्दर्शकाचा. आणि त्याची किंमत नुसती कलेची नाही. लाटेपासून सुरुवात केली की सगळा दोष लाटेच्या माथी जातो. आधीची वर्षं, आधीचे निर्णय चौकटीबाहेर राहतात. किल्लारी घ्या. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे चारच्या सुमाराला भूकंपाने तिथली गावं जमीनदोस्त झाली, विसर्जन आटोपून माणसं झोपलेली असताना. या एका रात्रीवर कुणाचाही कॅमेरा झडप घालेल. पण तिथली जमीन त्याआधी वर्षभर हादरत होती. 1992च्या ऑक्टोबरात बरा मोठा धक्काही बसला होता. लोक घाबरले होते, आणि तरीही रात्री त्याच घरांत, जाड दगडी भिंतींच्या आडोशाला, मणामणाच्या मातीच्या माळवदाखाली निजत होते. हजारोंचा जीव घेतला तो त्या भिंतींनी आणि त्या माळवदांनी. मराठीत किल्लारीचा चित्रपट करायचा तर त्या वर्षापासून करा. एखाद्या धक्क्यानंतर भिंतीला गेलेली चीर, ती मातीने लिंपणारी बाई, तिच्यामागे खेळणारं पोर, एवढं आधी दाखवा. गणपतीची मिरवणूक त्यानंतर निघू दे.