दूरस्थ मनश्चिकित्सेची मार्गदर्शिका

इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटी, टेलिमेडिसिन सोसायटी ऑफ इंडिया व बंगळूरची निम्हान्स या तीन संस्थांनीं मिळून 2020 सालीं प्रसिद्ध केलेली टेलिसायकिअॅट्रीची मार्गदर्शिका हा कांहीं ललित वाङ्मयाचा ग्रंथ नव्हे. तथापि मनुष्याच्या मनाविषयीं व वाणीविषयीं जें लिहिलें जातें तें या मासिकाच्या कक्षेबाहेरचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून तिचें परीक्षण येथें करीत आहों.

दूर बसलेल्या रोग्याचें मन व्हिडिओवरून तपासण्याची कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंतील नेब्रास्का येथें 1959 सालींच दुहेरी दूरचित्रवाणीवरून तशी चिकित्सा सुरू झाली होती. आमच्याकडील डॉक्टरांस मात्र ती टाळेबंदींत निरुपायानें पत्करावी लागली. जुन्या रोग्याची फेरतपासणी पडद्यावर नीट होते, हें बहुतेक डॉक्टर मान्य करितात. नव्या रोग्याविषयीं ते कचरतात. चालतांना पाय कसा पडतो, कपड्यांस दारूचा वास येतो काय, हें पडद्यावर कळत नाहीं. आणि आत्महत्येचा विचार बोलून दाखविणाऱ्या रोग्यानें मध्येंच संपर्क तोडला, तर दोनशें कोसांवरच्या डॉक्टरानें करावें काय? ही भीति आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. समोरासमोर तपासणें अवश्य वाटल्यास तसें सांगण्याची मोकळीक डॉक्टरास ठेविली आहे, हें योग्यच झालें.

आमचा आक्षेप निराळा आहे. सारी मार्गदर्शिका डॉक्टराच्या खुर्चींतून लिहिलेली आहे. रोग्यास एकांत असावा, एवढें म्हणून भागत नाहीं. तो त्यास कोठून मिळावयाचा?

रावेरचेंच उदाहरण घेऊं. ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी हीं राज्याचीं चार जुनीं मनोरुग्णालयें. त्यांतलें एकही खानदेशांत नाहीं. तेव्हां दूरस्थ चिकित्सेची गरज येथें कोणी सिद्ध करावयास नको. वादळानें केळीची उभी बाग एका रात्रींत आडवी व्हावी, कर्जाचा हप्ता तोंडावर असावा आणि कर्त्या पुरुषाची झोप उडावी, हें या तालुक्यांत नवलाचें नाहीं. अशा घरीं मोबाइल बहुधा मुलाच्या हातीं असतो. ओसरीवर म्हातारी बसलेली, शेजारी डोकावत असलेला. अशांत मुलगा डॉक्टरास फोन लावतो. मार्च 2020 च्या सरकारी टेलिमेडिसिन नियमांप्रमाणें रोग्यानें स्वतः संपर्क साधल्यास त्याची संमति गृहीत धरावयाची, दुसऱ्यानें साधल्यास ती स्पष्टपणें घ्यावयाची. नियम चोख आहे. परंतु मुलाच्या देखत बाप 'हो' म्हणाला, तर ती संमति कोणाची? आणि मुलाच्या देखत तो मरणाची गोष्ट काढील काय?

दुसरी अडचण भाषेची. तावडी किंवा लेवा बोलींत वाढलेला मनुष्य आपणांस नैराश्य आलें आहे असें म्हणत नाहीं. जीव घाबरतो, अंगांत बळ नाहीं, कामांत मन लागत नाहीं, असें तो सांगतो. बहिणाबाई चौधरींनीं मनाच्या चंचलपणावर गाणें रचलें तें याच मुलुखाच्या बोलींत. समोर बसलेला डॉक्टर, शब्द अडला तर, चेहऱ्यावरून अर्थ लावतो. तुटक आवाजांत तोही आधार जातो. 10 ऑक्टोबर 2022 रोजीं सुरू झालेली टेलिमानस ही 14416 क्रमांकाची सरकारी सेवा मराठींतून बोलते, याचा आम्हांस आनंद आहे. मात्र प्रमाण मराठी व तावडी यांतलें अंतर पुण्यास जितकें थोडें वाटतें तितकें तें रावेरास वाटत नाहीं.

चेन्नईच्या स्कार्फ संस्थेनें तामिळनाडूंतील पुदुकोट्टै जिल्ह्यांत या कामासाठीं एक मोटारगाडी फिरविली. तींत तपासणीची खोली होती, औषधें होतीं, रोग्याजवळ संस्थेचीं माणसें होतीं. डॉक्टर तेवढा चेन्नईस. मार्गदर्शिकेच्या पुढील आवृत्तींत या पलीकडच्या खोलीचा व तेथील माणसांचा विस्तारानें विचार व्हावा, अशी आमची सूचना आहे. रावेरच्या ग्रामीण रुग्णालयांत दार लावतां येईल अशी एक खोली व तावडी जाणणारी एक परिचारिका मिळाली, तर मुंबईच्या डॉक्टरासही त्या बापाशीं एकट्यानें बोलतां येईल. मुलगा तोंवर बाहेर बाकावर बसेल.