फुले, निळू
(सु. १९३० – १३ जुलै २००९). मराठी रंगभूमी आणि चित्रपट यांतील श्रेष्ठ चरित्र-अभिनेते. पूर्ण नाव नीळकंठ कृष्णाजी फुले. तरुणपणी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करीत. राष्ट्र सेवादलाशी आलेल्या संबंधातून समाजवादी विचार आणि कलापथकाची रंगभूमी या दोहोंचा त्यांना एकदमच लाभ झाला. पु. ल. देशपांडे यांच्या पुढारी पाहिजे या वगातील कामाने ते पुढे आले. तर शंकर पाटील यांच्या कथा अकलेच्या कांद्याची या लोकनाट्याने त्यांना व राम नगरकर यांना महाराष्ट्रभर लोकप्रियता मिळवून दिली.

लोकनाट्यात संहितेइतकेच महत्त्व उत्स्फूर्त संवादाला व समोरच्या प्रेक्षकाच्या प्रतिसादाला असते. शब्द केव्हा टाकावा आणि केव्हा राखून ठेवावा, याची फुले यांची जाण या शाळेत तयार झाली. त्यांच्या पुढील गंभीर अभिनयाचाही पाया हाच होय.

अनंत माने दिग्दर्शित एक गाव बारा भानगडी (१९६८) हा त्यांचा पहिला चित्रपट. विजय तेंडुलकर यांच्या सखाराम बाइंडर (१९७२) या कमलाकर सारंग दिग्दर्शित नाटकातील सखारामच्या भूमिकेने त्यांच्या सामर्थ्याची खरी ओळख पटली. नाट्यप्रयोगांच्या परिनिरीक्षण मंडळाने या नाटकास घेतलेल्या आक्षेपांचा वाद न्यायालयापर्यंत गेला व निर्णय नाटकाच्या बाजूने लागला. नवऱ्यांनी टाकलेल्या स्त्रियांना आपल्या अटींवर घरात ठेवणारा सखाराम केवळ रानटी पुरुष म्हणून रंगविणे सोपे होते. फुले यांनी त्याच्या दांडगाईबरोबरच त्याचा रोखठोकपणा, मृदंगात रमणारे त्याचे मन आणि अखेरची त्याची हतबुद्धता यांनाही सारखेच वजन दिले.

जब्बार पटेल दिग्दर्शित सामना हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात समाविष्ट झाला होता. त्यातील हिंदुराव धोंडे-पाटील हा सहकारी साखर कारखानदारीतून उदयास आलेला ग्रामीण सत्ताधीश. त्याला आवाज चढविण्याची गरज पडत नाही. श्रीराम लागू यांच्या मास्तराशी तो आदबीने, पाहुणचाराच्या भाषेत बोलतो. बोलताना मध्येच थांबतो, रोखून पाहतो आणि या थांबण्यातूनच त्याची जरब जाणवते. मास्तर नाहीशा झालेल्या मारुती कांबळेची चौकशी करीत राहतो, तसतशी ती आदब विरत जाते. सत्तेचे हे सौम्य रूप मराठी पडद्यावर इतक्या बारकाईने त्यापूर्वी क्वचितच दिसले असेल.

धंदेवाईक चित्रपटांनी मात्र या व्यक्तिरेखेचे केवळ बाह्यरूप उचलले. खर्जातला आवाज व लोचट नजर एवढ्याच सामग्रीवर उभे केलेले सरपंच, पाटील व पुढारी फुले यांच्या वाट्याला पुनःपुन्हा आले. त्या भूमिका त्यांनी निभावल्या; त्यांपैकी अनेक साचेबंद झाल्या, हेही नाकारता येत नाही. तो दोष त्यांच्या आवाक्याचा नव्हता, हे सत्ताहीन माणसांच्या त्यांच्या भूमिका पाहता स्पष्ट होते. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या सिंहासन (१९७९) मध्ये ते दिगू टिपणीस हा पत्रकार झाले. हा माणूस मंत्र्यांचे डावपेच जवळून पाहतो, सारे जाणतो. पण काही बदलू शकत नाही. चित्रपटाच्या अखेरीस तो भ्रमिष्टासारखा हसतो. आधीच्या दीर्घ, संयत निरीक्षणामुळेच ते हसू असह्य होते. जयवंत दळवी यांच्या सूर्यास्त या नाटकात त्यांनी मुख्यमंत्र्याच्या गांधीवादी वडिलांची, अप्पाजींची भूमिका केली. हिंदुरावच्या सत्तेने ज्या मूल्यांचा बळी घेतला, त्यांच्याच बाजूने येथे तोच नट उभा राहिला.

हिंदीत त्यांना भूमिका थोड्या मिळाल्या. त्यांत महेश भट्ट यांच्या सारांश (१९८४) मधील राजकारणी गजानन चित्रे विशेष उल्लेखनीय होय. १९९१ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना लाभला. पडद्यावर गावाला धाक घालणारा हा नट प्रत्यक्षात अंधश्रद्धा निर्मूलनासारख्या चळवळींना आयुष्यभर साथ देत राहिला. ग्रामीण सत्तेला तिचे नेमके हावभाव व बोली देऊन ती प्रेक्षकांना ओळखता येईल अशी केली, हे त्यांचे मराठी अभिनयाला मोलाचे देणे आहे. पुणे येथे त्यांचे निधन झाले.