'सगळं गिळणारं' कृष्णविवर आणि राहून गेलेला हिशेब

मंडळी, जळगाव-धुळ्यात खगोलशास्त्रावर बोलायचं म्हटलं की पाटणादेवीचा शिलालेख आठवतोच. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला. लेख १२०७ सालचा. अभिमान रास्तच. पण अभिमान सांगून झाला की पुढचं विज्ञान आपण गणित वगळून सांगतो. आमची तक्रार आहे ती याबद्दल.

'कृष्णविवर सगळं गिळतं' हे नेहमीचं वाक्य घ्या. मग सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षांवरच्या मार्केरियन ४२१ मधून गॅमा किरण येतात कसे? तर आत ओढल्या जाणाऱ्या द्रव्यापैकी काही, सीमा ओलांडण्याआधीच, जवळपास प्रकाशाच्या वेगाने झोतात फेकलं जातं. झोताचं तोंड आपल्याकडे असलं की त्या दीर्घिकेला ब्लेझार म्हणायचं.

इथवर बरेच वक्ते येतात आणि थांबतात. खरी गंमत पुढे आहे. जुलै २००६ मध्ये नामिबियातल्या हेस दुर्बिणींना पीकेएस २१५५-३०४ या ब्लेझारची तेजस्विता काही मिनिटांत बदलताना दिसली. आता हिशेब करू. विवर सूर्याच्या १०० कोटी पट जड धरलं, तर त्याची त्रिज्या सुमारे ३०० कोटी किलोमीटर. तेवढं अंतर कापायला प्रकाशालाच पावणेतीन तास लागतात! मग मिनिटांत बदल कसा? झोत आपल्या दिशेने धावतो, म्हणून तिथला काळ आपल्याला आकसलेला दिसतो. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिट्टी चढी ऐकू येते, तसंच काहीसं. तरी हा आकस पन्नासेक पट धरावा लागतो, तेव्हा कुठे हिशेब जेमतेम जुळतो. म्हणूनच वाद संपलेला नाही.

दुसरी तक्रार 'सिद्ध झालं' या शब्दांची. २२ सप्टेंबर २०१७ रोजी दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूबने एक न्यूट्रिनो टिपला. त्याच दिशेला टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझार फर्मी उपग्रहाला भडकलेला दिसत होता. झोतात प्रोटॉनही वेग घेतात, याचा हा भक्कम संकेत. पण सगळ्या ब्लेझारचे गॅमा किरण प्रोटॉनमुळेच, हा निकाल त्यातून निघत नाही. इलेक्ट्रॉनांचा दावा अजून उभा आहे.

भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटरची मेस दुर्बीण लडाखात हानले इथे याच किरणांचा शोध घेते. चाळीसगावच्या, शिरपूरच्या मुलांना तिथवर जायचं असेल, तर त्यांना हिशेबासकट सांगू या. चांगदेवांनी मठ काढला तो अध्ययनासाठी.