शॉचा तिखट कान

पु. लं.ची 'ती फुलराणी' (१९७५) मराठी रसिकांच्या जिभेवर आहे. तिचं मूळ, बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन', मात्र नुसतं वाचू नये, ते ऐकावं.

पहिल्या अंकात कॉव्हेंट गार्डनमध्ये पावसामुळे आडोशाला थांबलेली गर्दी आहे. तिथे फुलं विकणारी एलायझा बोलू लागते. तिचा 'ह' गळतो, 'पे'चा 'पाय' होतो. शॉ ही कॉकनी बोली जेमतेम दोन-तीन संवाद हुबेहूब लिहितो आणि थांबतो. लंडनबाहेर ती कुणाला कळणार नाही, असं रंगसूचनेत सांगूनही टाकतो. पण तोवर तो स्वर कानात बसलेला असतो. पुढे स्पेलिंग निवळतं, तरी आपल्याला एलायझा कॉकनीतच ऐकू येते. लेखणी कुठे आवरावी, याची केवढी ही जाण!

मग उच्चारशास्त्रज्ञ हिगिन्स एका अनोळखी गृहस्थाचे, पिकरिंगचे, उच्चार ऐकून सांगतो: चेल्टनहॅम, हॅरो, केंब्रिज, हिंदुस्थान. चार नावांत घर, शाळा, विद्यापीठ आणि नोकरी! पात्रपरिचयाची पानं शॉने एका ओळीत वाचवली. शिवाय ही विद्या कुणाला करमणूक वाटते, तर कुणाला चोंबडेपणा. श्रोत्यांच्या या तऱ्हाही तो सहज टिपून जातो.

तिसऱ्या अंकात, हिगिन्सच्या शिकवणीनंतर, एलायझाचे उच्चार निर्दोष आहेत. विषय मात्र मावशीचा संशयास्पद मृत्यू आणि तिची जिन. शॉने उच्चार आणि आशय यांची गाठ इथे अलगद सोडवली आहे. हिगिन्स ही बोलण्याची नवी फॅशन म्हणून खपवतो, आणि उच्चभ्रू क्लाराला ते पटतं. १९१४ मध्ये लंडनच्या रंगमंचावर खळबळ उडवणारी एलायझाची 'ब्लडी' ही शिवी क्लारा निघताना स्वतःच वापरते! उच्चार उच्चकुलीन असला की ऐकणारा अर्थालाही कुलीन करून घेतो, हे शॉ एका शब्दात दाखवतो.

पुढे वाढवलेल्या मेजवानीच्या प्रवेशात तर भाषातज्ज्ञ नेपोमुक तिला हंगेरियन राजकन्या ठरवतो, कारण इतकं अचूक इंग्रजी इंग्रज बोलतच नाहीत. निर्दोषपणाच परकेपणाची खूण ठरतो. काय बहारीचा पेच!

आणि शेवटच्या अंकात एलायझा आपल्या घडण्याचं श्रेय स्वर शिकवणाऱ्या हिगिन्सला देत नाही. पहिल्याच दिवशी, ती कॉकनीत बोलत असताना, तिला 'मिस डूलिटल' म्हणणाऱ्या पिकरिंगला देते. चार अंक उच्चारांवर खिळवलेलं आपलं लक्ष शॉ इथे ऐकणाऱ्याच्या सौजन्याकडे वळवतो. नाटकाचा खरा कळस मला इथेच दिसतो.