शेवटच्या कडव्यातला वामन

वामनदादा कर्डक (1922-2004) यांच्याविषयी लिहिताना बहुधा त्यांच्या गीतांची संख्या आणि त्यांची भीमनिष्ठा यांवरच भर दिला जातो. त्यांच्या रचनेतील एका साध्या गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष होते. शेवटच्या कडव्यात ते ‘वामन’ हे आपले नाव गुंफतात. ही नाममुद्रा म्हणजे अभंगातून किंवा गझलेच्या मक्त्यातून आलेला निव्वळ संकेत आहे काय? मला तसे वाटत नाही.

सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस शाळेत शिकला नाही. मुंबईत कष्टाची कामे करताना त्याने मोठेपणी अक्षरओळख करून घेतली. जोडाक्षरे शिकवली ती दुकानांच्या पाट्यांनी. पहिले गीत 1943 चे, एका हिंदी गाण्याचे विडंबन. पहिला संग्रह ‘वाटचाल’ आला 1973 मध्ये. मधल्या तीस वर्षांत गीते जगली ती मुख्यतः गायनपार्ट्यांच्या कंठात आणि वह्यांत.

नागपूरच्या वाचकाला इथे सुरेश भट आठवतील. त्यांचा ‘रूपगंधा’ 1961 मध्येच निघाला होता. कवितेची मालकी सांगायला मुखपृष्ठ होते. वामनदादांचे गीत एका पार्टीकडून दुसऱ्या पार्टीकडे जाई, तेव्हा चाल बदलण्याची, कडवे गळण्याची शक्यता असे. अशा गीताला मुखपृष्ठ कुठले? म्हणून कवीने आपले नाव ओळीच्या आतच, लयीत आणि यमकात बसवले. ते काढले तर ओळच लंगडते. 1977 च्या संग्रहाचे ‘हे गीत वामनाचे’ हे नाव हाच हक्क उघडपणे सांगते.

काही गीतांत ही मुद्रा भरतीची वाटते, हेही नोंदवले पाहिजे. पण जिथे ती चपखल बसते, तिथे मोठेपणी अक्षरे गिरवलेला माणूस हजारोंच्या सभेत आपली सही करतो आहे, असे जाणवते.

आज धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या परिसरात भीमगीतांचा गजर असतो. गीत आटोपते घेण्यासाठी शेवटचे कडवे वगळले, की कवीच वगळला जातो आणि उरते ते ‘पारंपरिक’ गीत. परंपरा म्हणून गौरव आणि कवी म्हणून विस्मरण, हा सौदा वामनदादांसाठी फार महाग आहे. संकलकांनी आणि गायकांनी निदान शेवटचे कडवे तरी राखावे; कवीचा हक्क तिथेच नोंदलेला आहे.